शेजाऱ्यांचा लाल घोडा

४ फेब्रुवारी

धाकटीस,

वर 'प्रिय' लिहायचं राहून गेलं असं समजू नकोस. मुद्दामच लिहिलेलं नाही.

सोबतच्या पाकिटात काळीचे केस आहेत. तू कळवलंस तसे कात्रीने न कापता आयाळीतून मुळासकट उपटलेले, कोरड्या कागदात घडी घातलेले. काळी तुला आठवत असेल का? तू गेलीस तेव्हा ती नुसती काटकुळे पाय आणि मोठे कान एवढीच होती, आणि तू तिला कोळशाची पिशवी म्हणायचीस. आता तबेल्यात ती एकच घोडी उरली आहे. शिवाय आपल्याला पाठीवर घेऊन फिरलेला तो म्हातारा घोडा. बाकीच्या खणांत मी वाळलेलं गवत रचते.

बाबांचं म्हणणं तुला ठाऊक आहेच. काळीची आई सोनेरी होती, पांढऱ्या आयाळीची. ते सोनं काळीच्या अंगात उतरलंय, फक्त दिसत नाही, असं ते म्हणतात. मी म्हणते, काळी ती काळी. या घरात डोळे फक्त मला आहेत. तू गेलीस त्याच वर्षी बाबांना रंग दिसायचे बंद झाले आणि आता तर खिडकी कुठल्या बाजूला आहे तेवढंच कळतं. आज कुठला सदरा घातलाय इथपासून घोडीने लीद कशी टाकली इथपर्यंत सगळं मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. पण रंगाचा विषय निघाला की, "धाकटीला विचारू. ती शास्त्र शिकली आहे." म्हणजे मला समोर दिसतं ते खोटं, आणि समुद्रापलीकडे बसून तुला जे दिसत नाही ते खरं.

फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडतो. पत्र लिही, मी त्यांना वाचून दाखवीन.

ताई

२ मार्च

धाकटे,

बरं. पकडलंस. नाच आता.

नमुन्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून तू आधी नर-मादी तपासून घेतेस, हे मला काय ठाऊक? "ताई, तू पाठवलेली घोडी पुरुष आहे," हे वाक्य लिहिताना तू किती हसली असशील ते मला इथे ऐकू आलं. होय, ते म्हाताऱ्याचे केस होते. तोही काळाच आहे, शेजारच्या खणात उभा होता, आणि मला बघायचं होतं की तुझी लॅब काहीही ठोकून देते का. त्याला खच्ची करून वीस वर्षं होत आली, तरी केसांच्या मुळाशी तो अजून नरच आहे हे ऐकून मी त्याला एक गाजर जास्त दिलं. तेवढाच त्याचा मान राहिला.

पण तू पुढे लिहिलंस ते वाचून माझं हसू गेलं. "म्हाताऱ्याचे केस हातात घेऊन मी बराच वेळ बसले होते." केस उपटायला मी, त्याचे खूर साफ करायला मी, त्याला पोटात कळ आली की लगाम धरून फेऱ्या मारायला मी. आणि तू चार केस हातात घेऊन बसलीस की बाबांना गहिवर. होय, ते मी वाचून दाखवलं. कशाला वाचलं कोण जाणे. दिवसभर ते तेच घोकत होते, "धाकटीचा जीव आहे गं त्याच्यावर." मी म्हटलं, जीव आहे तर घेऊन जा म्हणावं त्याला विमानात घालून.

माझ्या अंगाचा तिळपापड होतो हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे, दुसरं काही कारण नाही.

या पाकिटात खरोखरीच काळी आहे. बाबा दाराशी उभे राहून ऐकत होते. मी केस उपटला की ती पाय आपटते, तो आवाज त्यांनी मोजला असेल.

ताई

२९ मार्च

धाकटे,

तुझा कागद पोचला. बाबा जिंकले.

मी तो दोनदा वाचला. एकदा स्वतःशी आणि एकदा त्यांना. काळीत सोनेरी रंगाचं जनुक आहे, काळ्या अंगावर ते उठून दिसत नाही, म्हणून इतकी वर्षं कोणाला कळलं नाही. शिवाय आईकडून आलेलं लालही तिच्यात दडलंय. लाल घोडा दाखवला तर चारांत एक शिंगरू सोनेरी व्हायची शक्यता. बाबा खुर्चीवरून उठले, भिंतीला हात लावत लावत तबेल्यात गेले आणि काळीच्या मानेला मिठी मारून उभे राहिले. मला म्हणाले, "बघ, काय सांगत होतो!" गेली सहा वर्षं ते रोज मला "बघ" म्हणतात आणि मी रोज बघते. या वेळी मात्र तू बघितलंस.

आता बाबा सांगतात ते लिहिते, त्यांच्याच शब्दांत: "बाळ, तू माझं नाव राखलंस. घोडा मी मनाशी ठरवला आहे. शेजाऱ्यांनी काळीच्याच वर्षी एक शिंगरू आणलं होतं, आठवतं? तांब्याचा तांब्या घासून ठेवावा तसं लाल. कुंपणाच्या पलीकडून काळीशी खेळायचं. त्याच्यासारखा लाल मी पाहिला नाही. तोच."

इथे बाबांचं संपलं, पुढचं माझं.

तुझ्या कागदाखाली तू दोन ओळी लिहिल्या होत्यास. जो घोडा ठरेल त्याचेही केस पाठवा, ही एक. आणि "बाबा, ताईला विचारल्याशिवाय घोडा ठरवू नका," ही दुसरी. दोन्ही मी वाचल्या नाहीत. पहिली कंटाळा म्हणून. मी काय गावभर घोड्यांचे केस उपटत फिरू? आणि दुसरी का वाचली नाही ते तुला कळत नसेल तर तुझं शास्त्र चुलीत घाल. माझ्याच घरात, माझ्याच बापाने, तुझ्या शिफारशीवरून मला विचारायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं.

तर त्यांनी मला विचारलं नाही आणि मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात काळीला घेऊन मी शेजारी जाते आहे. शेजारी मोजकं बोलणारा माणूस आहे. "आणा," एवढंच म्हणाला.

ताई

१४ ऑगस्ट

धाकटे,

काळी गाभण आहे. घोड्यांचा डॉक्टर येऊन खात्री करून गेला. चार महिने झाले.

बाबांचा एक नवा उद्योग सुरू झाला आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवतात आणि सांगतात की माझी मुलगी केसांवरून घोड्याचा रंग सांगते. पोस्टमन झाला, गवतवाला झाला, डॉक्टरही झाला. गवतवाल्याने विचारलं, "ही का?" मी तिथेच गवताचे भारे उतरवून घेत होते. बाबा म्हणाले, "नाही नाही, ही नव्हे. ही थोरली. ही घरीच असते." जणू मी छत्री आहे.

तू म्हणशील की ताईला पोटशूळ उठलाय. उठलाय. तू सहा वर्षांपूर्वी बॅग उचललीस तेव्हा दोघींपैकी एकीलाच जाता येणार होतं, आणि तू आधी बॅग उचललीस एवढंच. मी दुसऱ्या दिवशी उचलणार होते. तोवर बाबांनी दुधाचं भांडं समजून घासलेटाचा डबा शेगडीवर ठेवला होता. मग मी बॅग परत माळ्यावर टाकली. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही आणि तूही सांगायचं नाहीस. तुला सांगताच येणार नाही म्हणा, तुझी पत्रं मीच वाचते.

तू मागच्या पत्रात पुन्हा विचारलंस, शेजाऱ्यांच्या घोड्याचे केस का आले नाहीत. शेजारी देत नाही. हट्टी माणूस आहे.

ताई

११ मार्च

धाकटे,

शिंगरू झालं. काल सकाळी, चांगलं उजाडल्यावर, मी पाणी भरत असताना. काळी आडवी झाली, आणि मी बादली ठेवून येईपर्यंत पुढचे दोन पाय बाहेर होते. तुझ्या बाबांनी बाहेरून आरडाओरडा करून तबेला डोक्यावर घेतला होता. (बघ, 'तुझ्या' लिहिलं. आता खोडत नाही.)

नर आहे. काळीने चाटून चाटून कोरडा केला. बाबा उंबऱ्याशी आले. हात पुढे केलेले. म्हणाले, "सांग."

एवढंच. "सांग." धाकटीला विचारू म्हणाले नाहीत, कागद येऊ दे म्हणाले नाहीत. मी बघितलं. दारातून उजेडाचा पट्टा त्याच्या पाठीवर पडला होता. चहात बुडवलेल्या बिस्किटाचा असतो ना, तसा रंग. आयाळ आणि शेपटीचा गोंडा सायीसारखा. मला एकदम हुंदका आला, कारण हे सगळं मी बघत होते आणि ज्याने जन्मभर वाट बघितली तो माणूस माझ्या तोंडाकडे कान लावून उभा होता.

मी म्हटलं, "सोनेरी आहे, बाबा."

ते मटकन खाली गवतातच बसले. मग मी त्यांचा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला आणि बोट फिरवत फिरवत सांगत गेले, इथे गडद आहे, इथे फिकट, इथे पोटाखाली जवळजवळ पांढरा. असं मी त्यांना सहा वर्षांत काही सांगितलं नव्हतं. असं त्यांनी विचारलंही नव्हतं.

कागदाची घाई करू नकोस. केस पाठवणारच नव्हते, पण बाबांनी संध्याकाळी आठवण करून दिली. "धाकटीचा शिक्का पाहिजे," म्हणाले. झालं. सगळी सकाळ एका वाक्यात गेली. शिंगराची आयाळ फार नाजूक, म्हणून शेपटीतून घेईन. अजून चार दिवस त्याला उपटायला माझा हात होणार नाही.

ताई

३ एप्रिल

प्रिय धाकटे,

'प्रिय' लिहिलंय. काहीतरी हवंय म्हणूनच लिहिलंय, हे तू ओळखलं असशील.

केस सोबत आहेत. या वेळी उशीर केला तो रागाने नाही.

काल त्याला बाहेर उन्हात सोडलं होतं. मी तोंडावरून हात फिरवताना मला डोळ्यांभोवती पांढरे केस दिसले. एकदोन नव्हेत. बारीक कडं आहे, चष्मा लावल्यासारखं. दोन्ही डोळ्यांना. असं कडं कुठल्या शिंगरांना येतं हे तुला पुस्तकात वाचायला मिळालं असेल. मी ते कुंपणापलीकडे बघितलंय.

शेजाऱ्यांचा लाल घोडा लाल राहिलेला नाही. पांढरा आहे. तू गेलीस, बाबांचे डोळे गेले, आणि त्याच्या पुढच्याच वर्षी त्याच्या डोळ्यांभोवती असंच कडं आलं. मग तोंड पांढरं झालं, मग मान, मग राख उधळल्यासारखी पाठ. आता गुडघ्यांपाशी थोडी राख उरली आहे, बाकी धुतलेल्या चादरीसारखा. तुम्हा दोघांच्या डोक्यात तो अजून तांब्याचा आहे. तो पांढरा होताना फक्त मी बघितला.

शेजाऱ्याकडे मी केस मागितलेच नव्हते. तो हट्टी नाही. त्याला वाटलं बाबांना ठाऊक असेल. काळीला तिकडे नेली तेव्हा तो पांढरा घोडा समोर उभा होता आणि मी मनात म्हटलं, विचारायचं होतं मला. आता भोगा. मला वाटलं होतं सोनं काही उतरत नाही. काळं शिंगरू होईल, पांढरं झालं काय न झालं काय, कोणाला पडलंय? तेव्हा ते बिस्किटाच्या रंगाचं पोर डोळ्यांपुढे नव्हतं.

आता मागणं. माझे डोळे चुकलेत असं तुझ्या कागदाने म्हणावं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतंय की मी खोटी ठरावी आणि तू खरी. बापाचं पांढरेपण पोरात न उतरण्याची निम्मी शक्यता असते ना? त्या निम्म्यात तो असू दे.

आणि नसेल, तर दोन कागद पाठव. एक माझ्यासाठी, एक त्यांना वाचून दाखवायला.

ताई

२६ एप्रिल

धाकटे,

दोन कागद मागितले होते, तू एकच पाठवलास. खाली लिहिलंस, "ताई, वाचणारी तूच आहेस. एकावरून काय वाचायचं ते तू ठरव." शहाणी झालीस. माझ्या डोक्यावर मिरे वाटतेस.

सोनेरी आहेच. आणि वडिलांचं पांढरेपण घेऊन आलाय. सातआठ वर्षांत दुधासारखा होईल. म्हणजे माझे डोळे बरोबर होते. तू आणि मी पहिल्यांदाच एकमेकींशी सहमत झालो, आणि मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

बाबांनी पाकिटाचा आवाज ऐकला होताच. खुर्ची ओढून बसले. मी वाचायला सुरुवात केली. सोनेरी रंगाचं जनुक आहे, इथवर आले. बाबांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते मी तुला सांगणार नाही. ते माझं आहे. मग मी श्वास घेतला आणि खालच्या ओळीवरून थेट तुझ्या सहीवर जायला निघाले.

"थांब," बाबा म्हणाले. "आता जी ओळ गाळतेस ना, ती वाच."

"कुठली ओळ?"

"ते मला कसं दिसणार? पण गाळायची असली की तू आधी श्वास घेतेस. मागच्या वर्षीही घेतला होतास. तेव्हा मी बोललो नाही. म्हटलं, बहिणी-बहिणींचं काही असेल."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी वाचलं. सगळं.

बाबा म्हणाले, "पांढरा कसा होईल? तो घोडा तर लाल आहे."

"लाल होता. तुमचे डोळे गेल्यावर पांढरा झाला."

"सगळा?"

"सगळा."

त्यांचं ते लाल शिंगरू त्यांच्या डोळ्यांपुढे पांढरं होत असणार; त्याला वेळ लागायचाच. बाहेर काळी दारावर खूर आपटत होती. शेवटी म्हणाले, "तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही मला विचारलं नाहीत."

मी हे किती वर्षं मनात घोकून ठेवलं होतं तुला कल्पना नाही. एखाद्या दिवशी असं तोंडावर मारीन, तसं मारीन. आणि मारलं तेव्हा माझा आवाज लहान मुलीसारखा निघाला. बाबांनी तो ऐकला. मान खाली घातली. मला वाटलं, आता तुझं नाव घेतील, की धाकटी असती तर. ते नाही घेतलं.

"हो," म्हणाले. "नाही विचारलं." मग हात पुढे केला, मी तो धरला नाही, तर त्यांनी चाचपडत माझं मनगट शोधून काढलं. "आता रोज विचारीन."

२ मे

पत्र टाकायचं राहिलं होतं, म्हणून त्यातच पुढे लिहिते.

बाबा खरंच रोज विचारतात. सकाळी मी शिंगराला दारात आणते, ते त्याच्या मानेवर हात ठेवतात आणि म्हणतात, "आज?" मी सांगते. आज सोनेरीच. आज उन्हामुळे जरा जास्त. आज पावलांपाशी चिखल. परवा कपाळावर एक पांढरा केस दिसला, तोही सांगितला. आता मी गाळत नाही. "एकच ना?" म्हणाले. मी म्हटलं, एकच. "मग चालेल." काल ओट्यावर गवतवाल्याला सांगत होते, "माझ्या थोरलीला शिंगराच्या अंगावरचा एकेक केस ओळखता येतो." मी आत होते. भांडं घासत घासत उगाच दोनदा घासलं.

तुझ्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जायचा नाही आणि मी तो घालवणारही नाही, मला त्याची सवय झाली आहे. पण तुझ्या कागदावर लिहिलेला रंग तू डोळ्यांनी बघितलेला नाहीस, हे मला खटकतं. पांढरेपण तोंडापासून सुरू होतं आणि हळूहळू मागे सरकतं. शेपूट सगळ्यात शेवटी. तू लहानपणी माझ्यामागे फिरायचीस म्हणून तुला शेपूट म्हणायचे मी. तो अजून डोक्यापासून शेपटापर्यंत सोन्याचा आहे. तेवढ्यात ये.

ये, पण एक अट आहे. तू आलीस की बाबा तुलाही दारात घेऊन जातील, त्याच्या मानेवर हात ठेवतील आणि तू दूरची, लाडकी, शास्त्र शिकलेली, म्हणून ते नक्की तुझ्याकडे तोंड वळवून विचारतील, "आज?"

तू गप्प राहायचंस. रंग मी सांगणार.

ताई